जवानांच्या नावाचा रस्ता पुन्हा झाडांनी भरायचा तर

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींसमोर वीरांच्या नावांचे शिलाफलक बसले आणि ७५ देशी रोपांच्या अमृत वाटिका लागल्या. त्याच्या कितीतरी आधीपासून, कुठे कारगिलनंतर, कुठे गावचा जवान गेल्यावर, वेशीपासून शाळेपर्यंत नाहीतर एसटी थांब्यापासून स्मारकापर्यंत दुतर्फा झाडं लावायची पद्धत आहेच. अशा रस्त्याला काही वर्षांनी जाऊन पाहिलं की चित्र ठरलेलं असतं. फलक शाबूत, ट्री गार्ड वाकलेले, आत गाजरगवत. मूळच्या ओळीतली काही झाडं दणकट झालेली, काहींचे नुसते खुंट, आणि मधे मोठाल्या फटी.

यावर गावाची पहिली प्रतिक्रिया म्हणजे पुन्हा वृक्षारोपण. पाहुणे ठरतात, रोपवाटिकेतून टेम्पोभर रोपं येतात, फोटो होतात आणि फाल्गुनापर्यंत रोपं वाळतात. म्हणून आधीच सांगतो, रोप लावणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे आणि ते शेवटाकडे येतं. त्याआधी नावं, मग रस्त्याची मालकी, मग उभी असलेली झाडं, मग माती आणि पाणी. पावसाळ्यात लागवड करायची असेल तर कामाला दिवाळीनंतर लगेच लागावं.

नाव झाडाला देऊ नका, जागेला द्या

सगळं काम या एका निर्णयावर उभं राहतं. ‘हे झाड अमुक जवानाचं’ असं ठरवलं की झाड वठल्यावर त्या घरातल्या माणसांना पुन्हा एकदा सुतक आल्यासारखं होतं. मेलेलं झाड कुणी काढू देत नाही आणि त्याच्या जागी नवं लावायला कुणी धजत नाही. त्याऐवजी रस्त्यावरच्या जागांना क्रमांक द्या. वेशीकडून निघालं की डाव्या हाताची जागा ‘डा-१, डा-२’, उजव्या हाताची ‘उ-१, उ-२’. नाव जोडायचं ते डा-१७ या जागेशी. तिथे आज कडुनिंब आहे, उद्या पडला तर करंज येईल. नाव हलत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट शहराने क्रमांकांचं हे काम शंभर वर्षांपूर्वी केलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ ते १९१९ दरम्यान, तिथल्या ल्यूकस नावाच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या कामगार मुलींनी पुढाकार घेऊन सुमारे २२ किलोमीटर रस्त्यावर ३,७०० हून जास्त झाडं लावली. त्या भागातून सैन्यात गेलेल्या प्रत्येकामागे एक झाड, प्रत्येक झाडाला क्रमांक आणि नावाची धातूची पट्टी. क्रम लावला तो भरतीच्या तारखेप्रमाणे, हुद्द्याप्रमाणे नाही. हे आपल्याकडे तंतोतंत घेण्यासारखं आहे. आपल्या गावात क्रमावरून वाद होणारच. कोणाचं झाड वेशीजवळ, कोणाचं उकिरड्यापाशी, यावरून भावकी पेटते. वीरमरणाच्या तारखेप्रमाणे क्रम लावा आणि तो ग्रामसभेत आधीच मंजूर करून घ्या. त्या तारखेशी कुणाला भांडता येत नाही.

नावांची यादी

यादी करायला बसण्याआधी कोणाची नावं घ्यायची ते ठरवा. प्रत्यक्ष लढाईत पडलेलेच, की सेवेत असताना हिमस्खलनात, अपघातात गेलेलेही? सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, गडचिरोलीत पडलेले पोलीस? माझं मत विचाराल तर सेवा बजावताना गेलेला प्रत्येक जण घ्यावा. गावाने ठरवलेला निकष काहीही असो, तो ठरावात शब्दांत लिहिलेला हवा. नाव गाळलं गेलेल्या घराला ‘तेव्हा कुणाला सुचलं नाही’ असं सांगायची वेळ येऊ नये.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची नावं मिळवणं सोपं आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करा, वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता यांच्याकडची कागदपत्रं पाहा आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या नोंदीशी ताडून घ्या. २५ फेब्रुवारी २०१९ ला खुल्या झालेल्या त्या स्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवर २५ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, आणि त्याच्या सगळ्यात बाहेरचं रक्षक चक्र चक्क झाडांच्या ओळींचं आहे.

खरी शोधाशोध महायुद्धांच्या नावांची. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागात कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत ब्रिटिशांनी बसवलेली दगडी पाटी सापडते. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे पहिल्या महायुद्धात ४६ जवान पडल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण बहुतेक गावांची पाटी आकड्यावरच थांबते. नावं शोधायला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) संकेतस्थळावरची यादी फुकट पाहता येते. त्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू आहेत. मराठा पलटणींसाठी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे जुने क्रमांक टाकून शोधा. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या आणि डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. गावचा माणूस ‘बसऱ्याला गेला’ एवढंच घरात सांगितलं जात असेल तर शोध इथून सुरू करा.

दोन अडचणी येतील. नावं इंग्रज कारकुनाने कानाला लागली तशी लिहिली आहेत. पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे, गावाच्या नावाचं तर काहीही. त्यामुळे नावापेक्षा तालुका, जिल्हा आणि वडिलांच्या नावावरून गाळत जा. आणि बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलेलीच नव्हती, अधिकाऱ्यांची नावं आणि खाली ‘इतर इतके’ असा आकडा होता. म्हणजे स्मारकाचा फोटो पाहून नाव नाही म्हणून थांबायचं नाही, आयोगाच्या नोंदवहीत पाहायचं. एवढं करूनही नाव मिळालं नाही तर त्या जागेवर ‘१९१४–१९, नाव अज्ञात’ असं लिहा. अंदाजाने एखादं नाव चिकटवण्यापेक्षा ते बरं.

प्रत्येक नावापुढे सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, वाडी, तारीख आणि ठिकाण हवं. मराठी लेखन घरचे लिहितात तसं, आणि अंतिम यादीवर घरच्या एका माणसाची सही.

रस्ता कोणाचा

राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीकडे. राष्ट्रीय महामार्गाचा तुकडा असेल तर त्याची परवानगी वेगळी. संबंधित कार्यालयाकडून रस्त्याची हद्द किती रुंद आहे आणि रुंदीकरणाचा प्रस्ताव आहे का, हे लेखी घ्या. तोंडी उत्तर मिळालं तर त्याच दिवशी पत्र लिहून ‘आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार’ असं नोंदवून पोच घ्या. पुढे हेच पत्र कामाला येतं.

वाळलेलं झाड काढायलाही परवानगी लागते. नगरपालिका, महापालिका हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला, तेव्हा जुन्या स्मृतिमार्गांसाठी ही मोठी ढाल आहे. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा. तोडलेल्या लाकडाचा लिलाव कोण करणार आणि पैसा कुठे जमा होणार हेही ठरावात घाला, नाहीतर जळाऊ लाकडाच्या एका ट्रॉलीवरून समिती फुटते.

ग्रामपंचायतीकडे नमुना ३३ ही वृक्ष नोंदवही असते. बहुतेक ठिकाणी ती कोरीच असते. तुमचे सगळे जागा क्रमांक त्यात चढवून घ्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही-शिक्का घ्या. सरकारी दप्तरात नोंद असलेलं झाड आणि नोंद नसलेलं झाड यांत जेसीबी समोर उभा राहिल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उभी झाडं मोजा, दोनदा

एक फेरी श्रावणात, एक फाल्गुन-चैत्रात. श्रावणात बुंध्याच्या तळाशी छत्र्या उगवतात. मुळाशी कडक, तपकिरी, चकाकणारी, पंख्यासारखी अळिंबी दिसली तर मूळकूज आत पोचली आहे असं समजा. वरचा पाला कितीही हिरवागार असो, असं झाड वादळात मुळासकट जातं. फाल्गुनात वाळकी फांदी आणि पानगळ यांतला फरक पाहायचा असतो. पिंपळ, वड त्या सुमारास पानं झाडतात आणि उत्साही मंडळी त्यांच्यावर ‘मृत’ म्हणून खडूने फुली मारतात. नखाने कोवळ्या फांदीची साल खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर खाली सरकत सरकत बुंध्यापर्यंत खरवडत या.

नोंद करायची ती अशी: जागा क्रमांक, जात, जमिनीपासून १.३७ मीटरवर दोरीने मोजलेला घेर, कल कोणत्या बाजूला, ढोली, खिळे, तारा, बांडगूळ, वाळवी, वरून जाणारी वीजवाहिनी, बुंध्याशी काँक्रीट किंवा डांबर. मोबाईलवर प्रत्येक झाडाचे दोन फोटो, एक पूर्ण, एक बुंध्याचा. लाकडी हातोड्याने बुंधा ठोकून पाहिला की पोकळ जागा आवाजावरून कळते. सुतारकाम करणारा माणूस सोबत असेल तर त्याचा कान तुमच्यापेक्षा तयार असतो. वाळवीची मातीची रेघ दिसली म्हणून घाबरू नका, ती बहुतेक वेळा वरची मेलेली सालच खात असते. माती खरवडून आत पाहा.

मग झाडांचे तीन गट करा. काही न करता चांगली असणारी, उपचाराने वाचणारी, आणि रस्त्यावर पडण्याचा धोका असलेली. तिसऱ्या गटाबद्दल भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. जवानाच्या नावाच्या झाडाखाली शाळेतलं पोर सापडलं तर त्या स्मृतीचं काय होईल? कलही पोकळ बुंधाही असं दोन्ही असेल तर जाणकाराला दाखवा आणि परवानगी घेऊन काढा. नुसती ढोली हा गुन्हा नाही. ढोली असलेली झाडं पन्नास-पन्नास वर्षं उभी राहतात आणि त्यात घुबडं, पिंगळे, पोपट राहतात. ढोलीत सिमेंट मात्र भरू नका. सिमेंट झाडाबरोबर हलत नाही, कडेने पाणी मुरतं आणि आतली कूज वाढते.

जुनं झाड वाचवणं

एक चाळीस वर्षांचं झाड वाचवणं हे वीस रोपं लावण्याच्या बरोबरीचं आहे, तरी पैसा नेहमी रोपांवर जातो. सुरुवात बुंध्यापासून करा. डांबर, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट किमान एक मीटर त्रिज्येत काढा. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये नेमकं हेच अंतर सांगितलं होतं. हे काम पहार आणि छिन्नीने करायचं, ब्रेकरने नाही, कारण पृष्ठभागाखालच्या वीतभर मातीतच पोषण घेणारी बारीक मुळं असतात. मोकळी झालेली माती कुदळीने खणू नका. वर दोन-तीन इंच शेणखत आणि पाचट पसरून सोडा, गांडुळं उरलेलं काम करतात.

खिळे, जाहिरातीच्या पट्ट्या, केबलच्या तारा, दिव्यांच्या माळांचे आवळे सगळं काढा. खिळा सालीत पूर्ण बुडला असेल तर उकरत बसू नका, जखम मोठी होते. जुन्या लोखंडी ट्री गार्डची कडी बुंध्यात रुतली असेल तर कटरने दोन ठिकाणी छेदून मोकळी करा. जो तुकडा लाकडात गेलाय तो तसाच राहू द्या.

फांद्या उतरवायच्या तर कार्तिक ते पौष. उन्हाळ्यात पक्ष्यांची घरटी असतात. वाळक्या फांद्या केव्हाही चालतात. जाड फांदी तीन छेदांत कापा. पहिला खालून, बुंध्यापासून फूट-दीड फुटावर, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, म्हणजे फांदी साल न सोलवटता पडते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेरून. ते कडं शाबूत राहिलं तर जखम स्वतःहून भरते. बुंध्याशी सपाट कापलं किंवा खुंट ठेवला तर कूज आत शिरते. जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासायची सवय सोडा. आंबा बागायतदार लावतात ती बोर्डो पेस्ट लावायला हरकत नाही, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे चालतील, ऑइल पेंटचे नाही. एका वर्षी हिरव्या पर्णसंभाराच्या चौथाईपेक्षा जास्त उतरवू नका. महावितरणच्या लाइनखाली छाटणी होणारच असेल तर त्यांच्या दौऱ्याची तारीख विचारून तिथे हजर राहा. कापू नका म्हणण्यापेक्षा कुठे कापा ते दाखवणं उपयोगी पडतं.

झाडांचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र चर आहे. पाण्याची पाइपलाइन, फायबर केबल, गटार. झाडाच्या एका बाजूची मुळं तुटली की झाड दोन-तीन पावसाळे उभं राहतं आणि मग ‘अचानक’ उलट्या बाजूला पडतं. साधा हिशोब ठेवा: छातीच्या उंचीवरच्या घेराच्या चौपट अंतरात चर नको. एक मीटर घेर असेल तर बुंध्यापासून चार मीटर. अंतर सोडणं अशक्य असेल तर मुळांखालून आडवं भोक पाडून पाइप सरकवता येतो.

कोणती झाडं, किती अंतरावर

सलग एकाच जातीची ओळ देखणी दिसते आणि एकाच रोगाने साफ होते. बॅलरॅटजवळच्या बॅकस मार्श गावात १० ऑगस्ट १९१८ ला बिगुलाच्या इशाऱ्यावर २८१ एल्म झाडं एकदम लावली गेली. ती ओळ अजून उभी आहे याचं मोठं कारण म्हणजे युरोप-अमेरिकेतले एल्म संपवणारा रोग ऑस्ट्रेलियात पोचला नाही. आपल्याकडे मुंबईत पिठ्या ढेकूण पडून पर्जन्यवृक्ष कसे वाळले ते लोकांनी पाहिलंय. एका जातीचं प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. ओळीत एकसारखेपणा हवाच असेल तर टप्पे करा, एक टप्पा कडुनिंबाचा, पुढचा करंजाचा.

वड-पिंपळ १५ मीटरवर, चिंच, आंबा, कडुनिंब १० मीटरवर, करंज, जांभूळ, अर्जुन ८ मीटरवर, बकुळ, ताम्हण, बहावा ६ मीटरवर. वीजवाहिनीखाली फक्त शेवटचा गट. अर्जुनाला ओढा नाहीतर कालवा जवळ हवा. जांभूळ आणि उंबर डांबराच्या कडेला नको, पडलेल्या फळांवरून दुचाकी घसरतात. कोकणात उंडी, सुरंगी, बकुळ, विदर्भात मोह, मराठवाड्यात कडुनिंब आणि चिंच हे आजमावलेले सोबती. चिंचेचा आणखी एक फायदा म्हणजे फळांचा लिलाव करता येतो आणि देखभालीला दरवर्षी चार पैसे येतात. गुलमोहर, सोनमोहर लवकर वाढतात, लवकर रंगतात आणि वादळात लवकर मोडतात. सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नाकारा.

आता शेजारचा शेतकरी. स्मृतिमार्गाचं झाड मरतं तेव्हा प्रत्येक वेळी दुष्काळ कारण नसतो. बांधाला सावली पडते, पिकाची ओळ खुजी राहते, आणि एखाद्या रात्री बुंध्याशी पाचट पेटतं. त्याला देशभक्ती शिकवायला जाऊ नका, सावलीचा हिशोब घेऊन जा. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दक्षिणेकडच्या ओळीची सावली रस्त्यावर पडते, उत्तरेकडच्या ओळीची थेट उत्तरेच्या शेतात, तीही रब्बीच्या ऐन हंगामात. म्हणून मोठी झाडं दक्षिणेच्या ओळीत आणि उत्तरेला बकुळ, बहाव्यासारखी आटोपशीर. प्रत्येक गट क्रमांकाच्या मालकाशी लागवडीआधी बोला. ज्याचा कडाडून विरोध असेल त्याच्या बांधावर जागा मोकळी ठेवा. तिथे सक्तीने लावलेलं झाड जगणार नाही.

रोपं रस्त्याच्या हद्दीलगत, बाजूच्या चराच्या पलीकडे लावा. वळणाच्या आतल्या बाजूला आणि तिठ्याजवळ झाडं नकोत, समोरचं वाहन दिसत नाही.

खड्डे आणि रोपं

खड्डे चैत्र-वैशाखात काढून उन्हात तापू द्या. मोठ्या झाडांना मीटरभर लांब, रुंद, खोल, लहानांना दोन फूट. रस्त्याकडेची माती म्हणजे बहुधा मुरूम आणि जुन्या डांबराचे तुकडे. ते बाहेर टाका आणि पोयटा, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड घालून भरा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर खड्डा वरपर्यंत भरून थोडा उंचवटा करा.

मूळच्या एखाद्या झाडाचा वंश चालवता येत असेल तर जरूर चालवा. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईतल्या ‘लोन पाइन’ झाडाच्या शंकूतून वाढवलेलं रोप १९३४ मध्ये कॅनबेरातल्या युद्धस्मारकात लावलं गेलं, ते अजून दाखवतात. आपल्याकडे हे त्याहून सोपं आहे. वड, उंबर, पांगारा यांची मनगटाएवढी जाड, सात-आठ फुटांची फांदी मृगाच्या सुमारास रोवली तर ती फुटते. आंब्याचं कलम करा. कडुनिंबाच्या निंबोळ्या आषाढात वेचून गर धुवा आणि पंधरवड्याच्या आत पेरा. त्यांची उगवण्याची ताकद फार लवकर जाते, घरात ठेवून पुढच्या वर्षी पेरलेल्या उगवत नाहीत.

बाकी रोपं पाच-सहा फुटांची, दोन-तीन वर्षांची घ्या. रोपवाटिकेत एक-दोन पिशव्या फाडून मुळं पाहायचा आग्रह धरा. मुळं तळाशी गोल गुंडाळली गेली असतील तर ती अख्खी खेप परत. दोन चांगले पाऊस झाले की लावा. पिशवी पूर्ण काढून टाका, हे सांगायला नको पण सांगावं लागतं. कार्यक्रमाच्या घाईत पिशवीसकट गाडलेली रोपं पुढे खणून काढली तेव्हा पिशवीच्या बाहेर एक मूळ आलेलं नव्हतं. रोपाची मान, म्हणजे मुळं संपून खोड सुरू होतं ती जागा, जमिनीच्या पातळीवर, शेजारी बांबू, सैल सुतळी.

कार्यक्रमासाठी २६ जुलै, कारगिल विजय दिवस, हंगामालाही बरोबर बसतो. १५ ऑगस्ट कमी पावसाच्या तालुक्यांत जरा उशिराचा. लावणाऱ्यांमध्ये त्या जागेच्या घरचं माणूस आधी, पाहुणे नंतर.

पाणी, तीन उन्हाळे

रोपांची संख्या पाण्यावरून ठरवा. २०० रोपं, प्रत्येकी २० लिटर, म्हणजे एका फेरीला ४,००० लिटर, जवळपास एक टँकर. मार्च ते मे आठवड्यातून दोनदा धरलं तर तेरा आठवड्यांत २६ फेऱ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या आठवड्याला एक अशा फेऱ्या वेगळ्या. एवढ्या डिझेलची आणि ड्रायव्हरच्या रोजाची तजवीज नसेल तर ६० रोपं लावा आणि जगवा, पुढच्या वर्षी आणखी ६०. देणगीदार ट्री गार्डला पैसे देतात, टँकरला नाही, कारण टँकरवर नाव रंगवता येत नाही. यावर उपाय म्हणजे गार्ड घ्यायचेच नाहीत. बोराटी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण शेळ्यांना पुरतं, भंगारवाल्याच्या उपयोगाचं नसतं आणि झाड मोठं होईतो कुजून जातं. शिवाय जवानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात ज्वेलर्सचं नाव वाचायची पाळी येत नाही.

मजुरीसाठी रोजगार हमीतून रस्त्याकडेची लागवड आणि संगोपन बसवता येतं. गावकरी त्याला ‘बिहार पॅटर्न’ म्हणतात. ठरावीक रोपांमागे मजूर कुटुंबं नेमायची आणि तीन वर्षं जगवण्याची मजुरी द्यायची. सामाजिक वनीकरण विभागाशी आणि पंचायत समितीशी आराखडा ठरण्याआधी बोलावं लागतं. पाणी तुटपुंजं असेल तर रोपाशेजारी आठ-दहा लिटरचं बिनभाजणीचं नव्हे, नीट भाजलेलं पण झिरपणारं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, झाकण ठेवा. आळं दरवर्षी रुंद करत न्या. आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नका.

मार्गशीर्ष-पौषात दोन्ही कडांचं गवत कापून घ्या. फेब्रुवारीत उसाचं पाचट आणि बांध पेटतात, त्या एका दुपारीत तीन वर्षांचं काम जातं.

फलक, आणि त्यानंतर

नाव झाडाला ठोकायचं नाही. जागेच्या क्रमांकाशी गुडघ्याएवढा काळ्या दगडाचा किंवा ग्रॅनाइटचा खांब, चालणाऱ्याला वाचता येईल अशा कोनात, बुंध्यापासून दीड मीटर दूर. स्टीलच्या पाट्या चोरीला जातात. झाड वाळून जागा रिकामी असेल तेव्हाही खांब तसाच ठेवायचा.

मूळ नोंदवहीच्या तीन प्रती करा, ग्रामपंचायत, शाळा आणि माजी सैनिक संघटना. दर श्रावणात तीच नोंदवही घेऊन रस्ता चाला, रिकाम्या जागा लिहा, त्याच पावसाळ्यात भरा. रुंदीकरणाची नोटीस लागली तर हरकतीची मुदत संपण्याआधी नमुना ३३ ची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि बुंध्यांचे फोटो जोडून लेखी हरकत द्या आणि रुंदी एकाच बाजूला घेता येईल का, असं नेमकं विचारा. लोखंडी गार्ड लावलेच असतील तर चौथ्या पावसाळ्याआधी ते सगळे कापून काढा. एकदा साल जाळीवर चढली की जाळी निघत नाही.